हलका माल

नगर जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाचा मँगनीजशी संबंध येण्याचं तसं काही कारण नाही. वर कळसूबाईचा १,६४६ मीटरचा माथा असो की खाली निघोजच्या कुकडीतले रांजणखळगे, आमच्याकडे सगळा कारभार काळवत्रीचा, म्हणजे बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा, तो झिजून झालेला मुरूम आणि नद्यांनी आणून टाकलेली माती. खाण म्हटलं की दगडाची, फार तर मुरमाची. मी मात्र भूविज्ञान शिकलो, नोकरीसाठी विदर्भात गेलो आणि उमेदीची बहुतेक वर्षं नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्यात मँगनीज मोजत काढली. त्यातही नावाजलेल्या खाणींतला उंची माल माझ्या वाट्याला फारसा आला नाही. माझ्याकडे यायचा तो हलका माल. उतरत्या टक्केवारीचे पट्टे, जुन्या खाणींच्या कडेला टेकाडं होऊन बसलेले डम्प, कुणीतरी खणून सोडून दिलेले चर. वरून प्रश्न यायचा तो एकच: याचं काही होईल का?

निवृत्त होऊन पारनेरला परतलो, तर तोच प्रश्न इथेही दारात आला. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण विहिरी खणणं आणि बोअर घेणं काही थांबलेलं नाही. सुरुंगातून काळा, जड, चमकता दगड निघाला की माणूस तो पिशवीत घालून माझ्याकडे येतो.

"तात्या, बघा बरं. लोखंड हाये का मँगनीज?"

पिशवीत बहुधा तीनपैकी एक गोष्ट असते. साधा घट्ट बेसाल्ट असतो, नाहीतर गारगोटीवर किंवा चुनखडीवर उमटलेली काळी नक्षी असते. ही नक्षी फांद्या फुटल्यासारखी दिसते म्हणून लोक तिला झाडाचा ठसा समजतात. ती खरं तर मँगनीज ऑक्साइडची असते. तिसरा प्रकार म्हणजे खडकाच्या भेगेतली काजळीसारखी भुकटी. तिच्यावर मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फसफस होते, कारण मँगनीज डायऑक्साइड त्या द्रावणातला ऑक्सिजन झपाट्यानं मोकळा करतं. फेस पाहून समोरच्याचा चेहरा उजळतो. "म्हंजे हाये!" "हाये," मी म्हणतो, "पण खाणीपुरतं नाही." मग कागद घेऊन हिशेब मांडतो.

बेसाल्टमध्ये मँगनीज असतं साधारण ०.१५ टक्के. टनभर दगडात दीड किलो. पृथ्वीच्या कवचाची सरासरी ०.१ टक्क्याच्या जवळ आहे, म्हणजे आपला खडक सरासरीच्या फार तर दीडपट. भारतीय खाण ब्यूरोनं मँगनीज खनिजासाठी किमान मर्यादा ठरवली आहे १० टक्के. त्याखालचा दगड नियमाच्या लेखी टाकाऊ. आपल्या काळवत्रीला तिथवर पोचायचं तर निसर्गानं तिच्यातलं मँगनीज साठपटीहून जास्त एका जागी गोळा करायला हवं. पावसाचं पाणी थोडंसं विरघळवून नेतं आणि हवा लागली की भेगेत काळा पापुद्रा सोडतं. काम सुरू झालेलं असतं, पण आमच्याकडे ते पापुद्र्यावरच थांबलेलं आहे.

जिथे ते तडीला गेलं तो प्रदेश म्हणजे सौसर गटाच्या खडकांचा पट्टा. नागपूर जिल्ह्यातलं गुमगाव, कांद्री, मनसर, बेलडोंगरी, भंडारा जिल्ह्यातलं चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, पलीकडे मध्य प्रदेशात तिरोडी, उकवा, बालाघाट. जीवसृष्टी अजून सूक्ष्म होती त्या काळात इथल्या समुद्रतळावर मँगनीजयुक्त गाळ साचला. पुढे तो खोल गाडला गेला, भाजला गेला, घड्यांवर घड्या पडत वाकला. ल्युइस ली फर्मर या भूवैज्ञानिकानं भारतातल्या मँगनीज साठ्यांवरचा प्रचंड ग्रंथ १९०९ मध्ये लिहिला. या भागातल्या स्पेसार्टाइन गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या खडकाला त्यानं इथल्या गोंड लोकांवरून 'गोंडाइट' म्हटलं, आणि ते नाव जगभर चाललं. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट उभी राहिली. तिचीच पुढे ब्रिटिश कंपनी झाली, १९६२ मध्ये तिच्या खाणींतून 'मॉयल' ही कंपनी आकाराला आली आणि १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारच्या हाती गेली. ब्रिटिश काळात निर्यातीला जायचा तो पन्नास टक्क्यांच्या आसपासचा माल. बाकीचा खाणीच्या कडेला ओतून दिला जायचा. माझ्या पिढीला कामाला लावलं ते या बाकीच्यानं.

चांगल्या मालाला मूल्यमापक फारसा लागत नाही, तो हातातच कळतो. नगरची काळवत्री घनतेनं तीनच्या आसपास, तर ब्रॉनाइट पावणेपाच ओलांडतं. इतका फरक तळहाताला फसवत नाही. हलक्या मालाचा खेळ मात्र सगळा मधल्या आकड्यांचा. अठरा टक्के आले, बावीस आले, चौदा आले. नव्या पोरांना वाटतं बावीस हे अठरापेक्षा बरं. मलाही कॉलेजात असंच शिकवलं होतं. चरांतून वावरायला लागल्यावर कळलं की टक्केवारी ही पहिली ओळ आहे, निकाल नव्हे. मँगनीज किती, याच्या आधी ते कोणत्या खनिजात बसलंय हे विचारायला हवं.

शुद्ध पायरोल्युसाइटमध्ये मँगनीज ६३ टक्के. पायरोल्युसाइट मऊ, बोट काळं करणारं. डोंगरी बुजुर्गचा असा डायऑक्साइड माल बॅटरीसाठी जातो. ब्रॉनाइट कठीण, पोलादी झाक असलेलं, त्यातही मँगनीज भरपूर. आणि स्पेसार्टाइन गार्नेटमध्ये? त्यातही तब्बल ३३ टक्के! म्हणजे ज्या दगडात निम्मं गार्नेट आणि निम्मी गारगोटी आहे, त्याचा प्रयोगशाळेचा आकडा सोळा-सतरा टक्के येऊ शकतो. तो मर्यादेच्या वर, कागदावर खनिज. पण ते मँगनीज ॲल्युमिना आणि सिलिकाबरोबर एकाच स्फटिकाच्या घडणीत गुंतलेलं असतं. चिक्की फोडली तर दाणा सुटा होतो, बेसनाच्या लाडवातलं तूप मात्र कितीही कुस्करलं तरी वेगळं निघत नाही. गारगोटीत रुतलेलं ब्रॉनाइट ही चिक्की, आणि गार्नेट हा लाडू.

त्यात गार्नेट लबाड आहे. घनता ४.२ च्या आसपास. पाण्याच्या ठोक्यानं जड-हलकं वेगळं करणाऱ्या जिगमध्ये २.६५ ची गारगोटी वर येऊन निघून जाते, पण गार्नेट खनिजाबरोबर खालीच राहतं. चुंबकीय विलगीकरण लावलं तर ब्रॉनाइटसारखंच तेही कमी-जास्त ओढलं जातं. दोन्ही चाळण्यांतून पार होऊन ते मालात येऊन बसतं आणि भट्टीत सिलिका, ॲल्युमिना वाढवतं. म्हणून आम्ही प्रत्येक पट्ट्याच्या नमुन्यांचे पातळ काप आणि चकाकी दिलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचो. कण किती मोठे आहेत, एकमेकांत किती घुसलेत, कितव्या मिलिमीटरला फोडल्यावर सुटतील. या प्रश्नाचं उत्तर नसताना दिलेली टक्केवारी मी स्वीकारत नसे.

सूक्ष्मदर्शकाआधी हे ओळखणारी माणसंही होती. तुमसर तालुक्यातल्या एका बंद चराजवळ आम्ही माल पसरून गोटे वेचून पाहत होतो. वेचणीचं काम आयुष्यभर केलेली एक वयस्कर बाई, तिकडे अशा मजूरबायांना रेजा म्हणतात, आमच्या मदतीला होती. मी एक जड, काळपट गोटा उचलून बाजूला ठेवला. तिनं तो हातोडीनं फोडला, ताज्या तोंडावरची मधासारखी पिवळसर-तपकिरी चमक उन्हात धरली आणि म्हणाली, "तो गोटा नोका घेऊ भाऊ, दाना हाय त्यात." दाना म्हणजे गार्नेट. तिच्या मुकादमानं असे गोटे तिच्या टोपलीतून किती वेळा परत फेकले असतील, त्यातून आलेली ही विद्या. तिची निवड आणि प्रयोगशाळेचा निकाल मी नंतर शेजारी ठेवून पाहत गेलो. तिच्या 'घ्या'च्या ढिगात सिलिका स्पष्टपणे कमी निघायची.

अर्थात नमुना म्हणून निवडलेला माल चालत नाही, आणि हे मजुरांना समजावणं सगळ्यात अवघड. त्यांना साहेबाला चांगलंच द्यायचं असतं. चरात पट्ट्याला आडवी, एकाच रुंदीची, एकाच खोलीची खाच कोरायची, आणि जे पडेल ते सगळं ताडपत्रीवर. काळं तेवढं उचलायचं नाही, पांढरं झटकायचं नाही. मग ढीग करायचा, चपटा करायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, पुन्हा फोडायचं, पुन्हा चार भाग. ड्रिलिंगमध्ये वेगळीच गंमत. मऊ पायरोल्युसाइट पाण्याबरोबर वाहून जातं आणि पेटीत ऐटीत उरते ती कठीण गारगोटी. अशा जागी गाभ्याचा जो दांडा हाती लागतो तो अर्धवट साक्षीदार. भोकातून येणारा गाळ धरून त्याचीही तपासणी केली नाही, तर पट्टा आहे त्यापेक्षा गरीब दिसतो.

घड्यांचं प्रकरण त्याहून नाजूक. सौसरचे थर इतके दुमडलेत की तोच पट्टा तीन ठिकाणी डोकावतो आणि नवख्याला तीन पट्टे वाटतात. घडीच्या बाकावर थर फुगतो, बाजूंना पातळ होतो. कुणी बाकावरची जाडी घेऊन सगळ्या लांबीला लावली की साठा कागदावर दुप्पट. मानू या की पट्टा ४०० मीटर लांब, ३ मीटर जाड, ३० मीटर खोलीपर्यंत खात्रीचा. ३६,००० घनमीटर झाले. घनता ३.४ धरली तर १,२२,४०० टन. सरासरी १८ टक्के म्हणजे सुमारे २२,००० टन मँगनीज. धुऊन, जिग करून त्यातलं साठ टक्के हाती लागलं आणि माल ३८ टक्क्यांचा झाला, तर विकण्याजोगे सुमारे ३५,००० टन. सव्वालाखाचे पस्तीस हजार. आता जाडी ३ ऐवजी २ निघाली, साठ टक्क्यांचे पंचेचाळीस झाले, तर तेच सतरा-अठरा हजारांवर येतं. प्रत्येक आकडा निर्मळ मनानं थोडासा चढवला तरी गुणाकार निर्दयपणे सगळं फुगवतो. म्हणून मी अहवालात एक संख्या कधी दिली नाही. खालची आणि वरची, दोन्ही दिल्या.

यानंतर सोबत्यांचा प्रश्न. मँगनीजच्या शेजारी लोह किती, फॉस्फरस किती, सिलिका किती. चांगलं फेरोमँगनीज करायला मँगनीज आणि लोह यांचं प्रमाण साधारण सातास एक लागतं. लोह वाढलं की मिश्रधातूतलं मँगनीज उतरतं. फॉस्फरस तर हट्टीच. भट्टीत तो जवळजवळ सगळा धातूत उतरतो आणि पोलाद थंडीत ठिसूळ करतो. मध्य भारतातल्या मालाला हा जुना आजार आहे. फॉस्फरस ॲपेटाइटच्या सुट्या कणांत असेल तर थोडी आशा, बारीक गुंतलेला असेल तर धुण्यानं काही होत नाही. मी अठरा टक्क्यांचा कमी फॉस्फरसचा पट्टा पुढे पाठवायची शिफारस केली आहे आणि सत्तावीस टक्क्यांचा मागे ठेवला आहे. बैठकीत भुवया वर जायच्या. पण सिलिकोमँगनीज करणाऱ्याला सिलिकाचं वावडं नसतं, त्याला ती हवीच असते. फेरोमँगनीजच्या भट्टीनं नाकारलेला गारगोटीवाला माल त्याला चालतो. भट्टी बदलली की प्रत बदलली.

शेवटी वाट. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारी रेल्वे गोबरवाही, डोंगरी बुजुर्गवरून जाते ती या मँगनीजसाठीच. वीस टक्क्यांचा माल पाच वाघिणी भरून पाठवला तर त्यात एका वाघिणीइतकं मँगनीज, बाकीच्या चार वाघिणींत आपण दगडाला प्रवास घडवतो. त्यामुळे हलका माल एक तर खाणीजवळच निवडला, धुतला जातो, नाहीतर तो पडून राहतो. पाणी कुठून आणणार, धुतलेला गाळ कुठे साठवणार, वर जंगल आहे की कुणाचं धानाचं शेत, या गोष्टी खडकात दिसत नाहीत, पण निकाल पुष्कळदा त्याच लावतात. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात, जे आता आपल्याकडेही चालतं, साठ्याला तीन अंकांचा संकेत देतात. एक अंक अर्थकारणाचा, एक व्यवहार्यतेचा, एक भूवैज्ञानिक खात्रीचा. भूवैज्ञानिकाचा अंक तीनपैकी एकच आहे आणि तोही शेवटचा. तरुणपणी याचा राग यायचा, पुढे ते योग्य वाटू लागलं.

हे सगळं सगळ्यात स्पष्ट दिसतं जुन्या डम्पमध्ये. बाहेरच्याला तो नुसता ढिगारा. जवळून पाहिलं तर त्यात बाजारभावाची नोंदवही आहे. ज्या वर्षी भाव चढा असेल त्या वर्षी मुकादम पस्तीस टक्क्यांचंही गाडीत भरतो, डम्पवर फक्त टाकाऊ दगड जातो. भाव कोसळला की चाळीसचंही फेकून दिलं जातं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची जागतिक मंदी मध्य प्रांतातल्या खाणींवर अशी कोसळली की कित्येक बंद पडल्या. त्या सुमारास ओतलेल्या थरांत आम्हाला आजच्या मानानं चक्क विक्रीयोग्य गोटे मिळत. डम्पचा नमुना घेतानाही शहाणपण लागतं. वरून ओतलेला माल घरंगळताना मोठे गोटे पायथ्याला जातात आणि बारीक वर राहतं. माथ्यावरून ओंजळ भरून आणणाऱ्याला डम्प कधीच कळत नाही. खड्डे घ्यावे लागतात, माथ्यापासून जुन्या जमिनीपर्यंत.

हे काम करता करता माझ्या मनात दोन प्रकारचे नकार वेगळे झाले. नगरच्या काळवत्रीला मी जो नकार देतो तो निसर्गाचा आहे. दीड किलो हे दीड किलोच, कुठल्याही यंत्रानं आणि भावानं त्याची खाण होणार नाही. म्हणून इथल्या शेतकऱ्याला मी स्पष्ट सांगतो की या नादात जमीन गहाण टाकू नका, कुणी कागद घेऊन 'खनिज आहे, आगाऊ रक्कम भरा' म्हणत आला तर त्याला चहाही पाजू नका. भंडाऱ्याच्या हलक्या मालाला दिलेला नकार मात्र काळाचा असतो, आणि काळाचा नकार फिरू शकतो.

जगभर हेच दिसतं. अमेरिकेत मेन राज्यातल्या अरूस्टूकचे हलके साठे विसाव्या शतकाच्या मध्याला, परदेशी मालाचा पुरवठा तुटेल या धास्तीनं तपासले गेले. पुरवठा सुरू राहिला आणि ते अजून जमिनीतच आहेत. आपल्याकडे २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' या जहाजानं हिंदी महासागराच्या तळातून मँगनीजचे गोटे वर काढले. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरात शोधासाठी क्षेत्र मिळालं, पुढे ७५,००० चौरस किलोमीटर भारताकडे राहिलं. त्या गोट्यांत मँगनीज चोवीस टक्क्यांच्या आसपास. भंडाऱ्यात ही टक्केवारी हलकी ठरली असती, तिथे तिच्यासाठी पाच किलोमीटरहून खोल पाण्यात उतरायची तयारी चालली आहे, कारण सोबत निकेल, तांबं आणि कोबाल्ट आहे. सोबत्यांमुळे प्रत घटते तशी वाढतेही.

टनभर पोलादाला सहा ते दहा किलो मँगनीज लागतं आणि त्याला स्वस्त पर्याय नाही. उंची माल सगळीकडेच आधी संपतो. तेव्हा पुढच्या पिढीतल्या भूवैज्ञानिकांना हलक्या मालावर बसावंच लागेल, आणि त्यांच्यापैकी कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो: अहवालात 'कमी प्रतीचा साठा' असं लिहून सही करू नका. कशासाठी कमी ते लिहा. मँगनीज कोणत्या खनिजात आहे, कण कितीला सुटतो, फॉस्फरस कशात आहे, कोणत्या भट्टीला चालणार नाही, कोणत्या वर्षीच्या भावानं परवडलं नाही. ड्रिलच्या गाभ्याचा अर्धा भाग जपून ठेवा आणि पेटी कुठे ठेवली तेही लिहा. नकार अटींसकट लिहिला तर पंचवीस वर्षांनी येणाऱ्याला सगळं पुन्हा खणावं लागत नाही. कोणती अट सुटली एवढंच त्यानं तपासायचं. माझे अहवाल उघडून कुणी त्यातला एखादा 'नाही' खोडून काढला, तर मी ते काम नीट केलं होतं असंच मी समजेन.